आत्मारामचा अंगठा

बोईसरजवळच्या पाम गावच्या आत्मारामला डोळ्यांचं कौतुक कधीच नव्हतं. सोन्याचा पत्रा ज्यावर ठोकून दागिना उठवतात, ती पोलादाची डाय तो पस्तीस वर्षं कोरत आला होता. डाय पुरी झाली की डोळे मिटून उजवा अंगठा नक्षीवरून फिरवायचा. केसाएवढी खरखर असली तरी त्याला कळायची. सराफ भिंग घेऊन बसायचे तेव्हा हा गालातल्या गालात हसायचा. माज होता, पण शोभायचा त्याला, खोटं कशाला बोला.

त्याच अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना तीन वर्षांपूर्वी मुंग्या येऊ लागल्या. बायको माईनं डॉक्टरकडे जा म्हणून त्याचं डोकं खाल्लं. पण हा पठ्ठ्या कुणाचं ऐकेल तर शपथ! कोमट तेलात हात बुडवायचा आणि पुन्हा छिन्नी धरायचा. पुढं मुंग्या थांबल्या, तेव्हा बरं झालं म्हणून गावभर सांगत सुटला. बोटं बधिर झालीत हे त्याला चहाच्या पेल्यानं फोड आला तेव्हा समजलं.

पालघरच्या डॉक्टरांनी विजेचे बारीक झटके देऊन हात तपासला. मनगटात नस दबून पार सुकलीय, म्हणाले. ऑपरेशननं पुढचं थांबेल, गेलेलं परत येईल असं वाटत नाही. हात तर चालतोय की, आत्माराम चिडून म्हणाला. त्यावर डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूचा हुकूम हाताला पोचतो, पण बोटांचा निरोप वर जात नाही. किती जोर लागतोय हेच कळत नाही, म्हणून हात उगाच आवळून धरतो. आत्मारामनं फाईल उचलली आणि सोबत आलेल्या माईला मागं टाकून तरातरा बाहेर पडला.

लेकीचं, समिधाचं लग्न महिन्यावर आलं होतं. तिची कर्णफुलं बापाच्याच डायवर ठोकायची, हे ती सात वर्षांची असल्यापासून ठरलेलं. समिधा त्याच्याच शेजारी बसून काम शिकली होती. मी कोरते, तुमी नुसतं सांगा, असं ती म्हणाली आणि ते त्याला झोंबलं. भिंग लावून, घामाघूम होऊन, त्यानं अकरा दिवस एकट्यानं डाय कोरली. हा हात गेला तर आपल्यात उरलं काय, एवढी एकच भीती त्याला खात होती.

बाराव्या दिवशी त्यानं शिशाच्या पत्र्यावर ठसा काढून समिधाला दिला. तिचं बोट पाकळ्यांवरून फिरलं, मधल्या पाकळीपाशी अडलं, पुन्हा फिरलं. छान आलंय, ती म्हणाली. पण बोट अडलेलं त्यानं पाहिलं होतं.

"कुठं अडलं? माझा अंगठा ठेव तिथं."

सवयीनं त्यानं डोळे मिटले. समिधानं त्याचं मनगट धरलं. आत्माराम श्वास रोखून बसला. आयुष्यात कधी केली नव्हती एवढी विनवणी त्यानं त्या घटकेला देवाला केली असेल. मग त्याचा चेहरा सैल पडला.

"लागलं गं," तो म्हणाला. "अगदी बारीक हाय. घासलं की जाईल."

डोळे न उघडताच त्यानं विचारलं, एवढंच ना?

"बाबा, मी अजून अंगठा टेकवलाच नाय," ती म्हणाली. "माझा धीरच होत नाय."