उल्केनं निर्दोष सोडलेला माणूस

कापडदुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध टेबल, त्यावर मखमल, मखमलीवर मुठीहून जराशी मोठी काळी उल्का. आकाशगुरू सांगत होते, अफाट विश्व तुम्हाला विसरलेलं नाही. कोट्यवधी मैल तुडवून ही उल्का खास तुमच्या पापांची चौकशी करायला आली आहे. निष्पाप माणसालाच ती उचलता येते, पाप्याकडून जागची हलत नाही.

लोक खूश होते. एवढ्या ब्रह्मांडानं आपली दखल घेतली, मग आरोपी म्हणून का असेना. शिंपी अभिमानानं सांगत होता, माझ्याकडून तसूभर हलली नाही. न्हावी म्हणाला, माझ्याकडून हलायचं राहू दे, उलट घट्ट बसली.

पंखे-मोटारींचं वाइंडिंग करणारा मात्र हसायला आला नव्हता. त्याच्यासोबत आलेली ताई आठवडाभर धड जेवली नव्हती. वडिलांनी, अप्पांनी, प्राण सोडला तेव्हा ती औषध आणायला गेली होती. तेवढ्यावरून ती स्वतःला खात होती, आणि तिच्याकडून उल्का हलली नाही तेव्हा त्या पापावर शिक्कामोर्तब झालं होतं.

एका आजींनी उल्केला हात घातला तशी टेबलाखालून मंद गुणगुण आली. वाइंडरनं ती ओळखली. ही गुणगुण त्याच्या दुकानात जन्मली होती. टेबलाखाली मावेल, वरून दिसणार नाही अशी विजेच्या चुंबकाची कॉइल एका टोपीवाल्यानं करून घेतली होती. कशाला, हे यानं विचारलं नव्हतं. तार कुठल्या रंगाची हवी, एवढंच विचारलं होतं.

टोपी काढलेल्या गुरूंनी त्याला ओळखलं. हसून पुढे बोलावलं. त्यानं हात लावला आणि उल्का लिंबासारखी वर आली.

"निष्पाप!" गुरू गरजले. टाळ्या पडल्या. ताईनं त्याच्याकडे अशा आदरानं पाहिलं, की त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

त्यानं उल्का परत ठेवली. "हिच्याखालची कॉइल मी केली आहे," तो म्हणाला.

गुरूंचा पाय गालिच्यावर सरकला. गुणगुण सुरू झाली. वाइंडरनं खिशातला पाना उल्केजवळ धरला; तो खटकन चिकटून उभा राहिला.

"पानाही पापी," कोणीतरी हळहळलं.

वाइंडर म्हणाला, घाई नाही, थांबू. ही कॉइल फार वेळ चालवायची नाही, हे टोपीवाल्याला बजावलं होतं. गुरूंना पाय काढवेना, पाना पडला असता. थोड्याच वेळात मखमलीतून कॉइलच्या जळत्या व्हार्निशचा धूर निघाला आणि गुरू स्वतः टुणकन उडाले. पाना पडला. मखमल ओढली, तर खाली कॉइल, वायर आणि गालिच्याखाली पायानं दाबायचं बटण. उल्का म्हणजे काळा रंग दिलेला बिडाचा गोळा.

ताईनं तो एका हातानं उचलला.

"शुद्ध झाली," शिंपी म्हणाला.

"काका, प्लग काढलाय," वाइंडर म्हणाला.

ताई गोळ्याकडे बघत राहिली. "मग अप्पांचं?"

"आकाशातल्या कुठल्याही दगडाला अप्पा माहीत नव्हते, ताई. ते गेले हेही कुणाला कळलं नाही तिकडे. एवढ्या पसाऱ्यात त्यांच्यासाठी औषधाला धावणारी तू होतीस. त्याचा न्याय दगड काय करणार?"

"आणि तू? कॉइल कशाला, ते विचारलं नाहीस?"

"नाही."

"विचारायला हवं होतंस."

मग ती जमलेल्यांकडे वळली आणि म्हणाली, आपण सगळ्यांनीच. गोळा तिनं भावाच्या हातात दिला. तो त्यानं घरापर्यंत नेला. वाटेत दोनदा तिनं विचारलं, जड होतोय का, आणि दोन्ही वेळा तो हो म्हणाला.