एकाच चरात

जेसीबीचे दात मातीत रुतले, तशी सुकन्यानं तान्ह्या लेकीला छातीशी घट्ट धरलं. पुलाजवळ रस्ता रुंद करायचं काम आजच सुरू झालं होतं. आणि तिथंच, रस्त्याच्या एकाच कडेला, मुकादम नाथानं पुरलेल्या केबलींच्या खुणेचे दोन्ही दगड रोवलेले होते.

बीड शहराभोवतीचं हे केबलीचं कडं तिनंच आखलं होतं. केसाएवढ्या काचेच्या तारांतून दवाखान्यांचे अहवाल, रुग्णवाहिकेला येणारे फोन, सगळं धावायचं. कडं एका बाजूनं तुटलं, तर सगळं उलट्या बाजूनं फिरून पोचायचं. म्हणून तर नकाशात पुलापाशी एक केबल डाव्या कडेनं होती, दुसरी उजव्या.

"नाथामामा, उजवीकडची कुठं गेली?"

नाथानं मान खाली घातली. "तिकडं लई खडक लागला, ताई. दोन्ही एकाच चरात घेतल्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी ओल्या बाळंतीण. कशाला घोर लावायचा म्हणलं."

सव्वा महिना ती उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. नाथानं पाठवलेल्या फोटोत दोन दगड दिसले, तेवढ्यावर तिनं सही ठोकली होती.

ड्रायव्हर हुकमाशिवाय थांबेना. तिनं आपले वरिष्ठ, विजयसिंह साहेब, यांना फोन लावला. नाथाचं नाव ओठांवर आलं होतं. तो तिच्याकडं बघत उभा होता.

"साहेब, जागा न बघता सही मी केली. काम थांबवा, नाहीतर दोन्ही तुटतील."

ते म्हणाले, रस्त्याच्या इंजिनिअरशी बोलतो, दहा मिनिटं दे. दहा मिनिटांत कुणाच्या घरी कुणाला कळा सुरू झाल्या, तर? जेसीबीनं आणखी एक घास घेतला.

तिनं लेक नाथाच्या मातकट हातांत दिली आणि दगडांपुढच्या खड्ड्यात उतरली.

बकेट वरच थबकली. "ओ बाई, जीव जड झालाय का?" ड्रायव्हर ओरडला. ती हलली नाही. हुकूम आला, इंजिन बंद झालं, तेव्हा तिनं हातानंच माती सारली. वीतभर खाली केबलीची केशरी नळी लागली. तिला खेटून दुसरी. एकीवर लोखंडी दाताचा ओरखडा होता, वरवरचा.

पलीकडचा खडक फोडून नवा चर व्हायला आठ दिवस तरी लागणार होते. तोवर दोन्ही अशाच, एकमेकींना खेटून.

वर लेक रडत होती. नाथा तिला वेड्यासारखा जोजवत होता. सुकन्याला वर यायचं होतं, पण त्या दोन नळ्या तशाच उघड्या टाकून पाय निघत नव्हता.