केबिनमधला वास

आमच्या पिकअपच्या केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि आमच्या घरात त्याला बाबांचा वास म्हणतात. ही अक्कल दादाची. बाबा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसते, काचा वर करून. कधीकधी तिचे ओठ हलतात. दादा खिडकीतून बघतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "बोलतेय त्यांच्याशी. वास आहे ना अजून त्यांचा." डोळे पुसून झाले की बाहेर येऊन सिगारेट पेटवतो. त्याच गाडीपासून चार पावलांवर.

मी गॅरेजमध्ये काम करते. पेट्रोलची नळी गळून पेटलेल्या गाड्या ओढून आमच्याकडेच आणतात. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरलेल्या असतात. त्यामुळे त्या वासाचं कौतुक मला कुणी सांगू नये.

"टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या बदलायला हव्यात," मी दादाला सांगून पाहिलं.

"तुला कुठंही नेलं तरी गॅरेजच दिसतं. बाबांनी जन्मभर लोकांचं सामान वाहिलं या गाडीतून. झालं काही?"

"झालं नाही तोवर बोलतेय."

"आईकडे बघ जरा. तिला एवढंच उरलंय. दगड आहेस का तू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई रोज काडेपेटीत जाऊन बसते आणि दगड मी!

मग मी विचारणं सोडून दिलं. कुणाचं तरी घर हलवायचं होतं, त्यांचं सामान बघायला दादा पायी गेला, तेवढ्यात गाडी मागच्या शेडमध्ये घेतली. दारं उघडी टाकली, चाकांना ठोकळे लावले, बॅटरीची तार काढली, टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून लांब ठेवलं. आग विझवायचं नळकांडं हाताशी घेतलं आणि खाली सरकले.

चेसिसच्या कडेनं गेलेल्या लोखंडी नळीचे गंजून पापुद्रे सुटत होते. टाकीजवळच्या रबराला भेगा होत्या. हे सगळं मला अपेक्षित होतं. पण गिअरच्या दांडीच्या बरोबर खाली, जिथलं रबर फाटून केबिनला भोक पडलं होतं, तिथं बाबांची कारागिरी होती: बागेला पाणी घालायच्या हिरव्या पाइपाचा तुकडा. पाण्याचा पाइप, पेट्रोलच्या वाटेत. भिजलेल्या पावासारखा मऊ झाला होता. वरून चिकटपट्टी. तिचा एक थर काळा, त्यावर पिवळा, त्यावर पांढरा, मग पुन्हा काळा.

म्हणजे बाबांना माहीत होतं. एकदा नाही, दर वेळी. वास वाढला की गाडीखाली जायचं, वेढे मारायचे, वर येऊन हात पुसत म्हणायचं, 'जुनी गाडी आहे, वास यायचाच.' आणि आम्ही त्याच केबिनमध्ये त्यांच्या शेजारी कोंबून बसून शाळेत जायचो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी गाडीखाली उताणी पडून माझ्या बापाला मनसोक्त शिव्या घातल्या.

रागात पाना हातात घेऊ नये, असं आमच्या गॅरेजचे उस्ताद सांगतात. एका क्लिपचा स्क्रू तुटला, माझ्या बोटांची सालं निघाली आणि उस्तादांचं म्हणणं खरं ठरलं.

जुनी नळी बाहेर काढून तिच्याबरहुकूम नवी वाकवली आणि बसवायला पुन्हा खाली सरकले, तेव्हा शेडच्या दारात दादाचे बूट दिसले. वर धूर.

"आधी ती विझव," मी खालूनच म्हणाले.

विझवली त्यानं. मग जमिनीवरचा हिरवा तुकडा उचलला. "बाबांच्या हातचं होतं हे."

"म्हणून काय जळून मरायचं?"

"तुला कळतंय का, आईकडून काय काढून घेतलंस? आता ती कुठं जाऊन बसेल?"

हे मात्र लागलं. कारण तीच भीती मलाही होती. खरं तर रागाखाली मी तीच दाबून ठेवली होती. पण हात थांबवले नाहीत. नवी नळी बसवली, दोन्ही टोकांना पेट्रोलसाठीचं जाड रबर, नव्या क्लिपा. केबिनचं भोक नव्या रबरानं बुजवलं. पेट्रोल भरून इंजिन सुरू केलं आणि प्रत्येक जोडावर कोरडं फडकं धरून पाहिलं. फडकं कोरडंच राहिलं. दादा तुकडा हातात घेऊन नुसता उभा होता.

संध्याकाळी आई आली. नेहमीसारखी आत बसली, दार ओढलं, काच वर केली. दादा पुटपुटला, "बघ आता." मी पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले.

बऱ्याच वेळानं काच खाली आली.

"वास गेला?" आईनं विचारलं.

"गेला."

तिनं पुन्हा एकदा श्वास ओढून खात्री केली. "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून सांगत होते त्यांना. वास येतो, डोकं धरतं, पोरं असतात गाडीत. तर म्हणे, तुझं आपलं नाकानं कांदे सोलणं. शेवटी बोलायचंच सोडलं मी."

दादा गोंधळला. "मग रोज येऊन काय करत होतीस इथं?"

"भांडत होते. जिवंतपणी धड ऐकून घेतलं नाही कधी, लगेच उठून जायचे. म्हटलं, आता कुठं जातील?" तिनं आम्हां दोघांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दादा म्हणतो तसलं दुःख कुठंच नव्हतं. "तुमच्यापैकी एकानं तरी काच वाजवून विचारायचं."

आईचं लक्ष दादाच्या हाताकडे गेलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. कुठं होतं, कशाचं होतं, चिकटपट्टीचे थर, सगळं. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल होत गेला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. "दे इकडे."

"आई, ते आत नको, परत वास येईल," मी म्हणाले.

"येऊ दे. पुरावा लागेल."

तिनं तो तुकडा शेजारच्या सीटवर, स्टिअरिंगसमोर ठेवला, काच वर केली आणि त्याच्याकडे तोंड करून बोलायला लागली.