पामच्या शेंड्यातले भुंगे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे. दीड वीत लांब, टोकाला वाकडी. दिसायला काही खास नाही, पण बावधनच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ जो उंच पाम डुलतो आहे ना, तो माझ्यामुळे उभा आहे. बरं, एकट्या माझ्यामुळे नाही. तेही सांगते, पण माझी फुशारकी आधी ऐकून घ्या.

माझा जन्म सायकलच्या चाकासाठी झाला. १९९८ साली नथूकाकांनी नवी सायकल घेतली, तेव्हा मी मागच्या चाकातली एक तार होते. नथूकाका बावधनचेच. त्यांची जमीन बिल्डरने घेतली, तिथे सोसायटी उभी राहिली आणि नथूकाका आपल्याच जुन्या रानात माळी म्हणून कामाला लागले. फाटकाजवळचा पाम त्यांनीच स्वतःच्या हाताने लावला. पुढे एकदा चांदणी चौकाजवळ चाक खड्ड्यात आदळले. दुरुस्तीवाल्याने मला काढून फेकले. नथूकाकांनी मला उचलले, खिशात घातले आणि अवजारांच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे मी तीन वर्षे नुसती पडून होते. मला फार वाईट वाटायचे.

२००४ सालच्या दिवाळीनंतर पामचे नवे पान उघडले ते कात्रीने कापल्यासारखे. त्यापुढचेही तसेच. शेंड्याजवळ एक भोक पडले होते आणि त्यातून चघळलेला चोथा बाहेर येत होता. तिसऱ्या मजल्यावर शैलेश राहायचा, नांदेडहून नोकरीसाठी आलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याने शिडी लावून झुरळे मारायचा अख्खा डबा शेंड्यावर फवारला. आतल्या पाहुण्याला त्याने साधी शिंकही आली नाही.

सोसायटीचे अध्यक्ष हैबतराव कडक माणूस. ते म्हणाले, "झाड वाळलं तर गाड्यांवर पडेल. गुढीपाडव्यापर्यंत धड पान आलं नाही तर तोडून टाकायचं. आणि नथू, फाटकातलं एक झाड तुला जपता येत नसेल, तर आम्हाला दुसरा माळी बघावा लागेल."

नथूकाका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीत घातले, लाल केले आणि हातोडीने टोक वाकवले. खूप भाजले हो! पण मी हूं की चूं केले नाही. शिडीवर चढून त्यांनी मला त्या भोकात सारले. आत काळोख होता आणि कुरूकुरू आवाज येत होता. माझ्या टोकाला काहीतरी टणक लागले. नथूकाकांनी हिसका दिला आणि मी बाहेर आले ती अंगठ्याएवढा काळा भुंगा घेऊनच. त्याच्या नाकावर चक्क शिंग होते. गेंड्या भुंगा! खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शैलेशने माझा फोटो काढला. नथूकाकांनी भोकात वाळू आणि निंबोळी पेंड भरली. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला.

आठ दिवसांनी दुसरा भुंगा आला. मग तिसरा. एक उपसावा तर दुसरा हजर. जानेवारी संपेपर्यंत मी अकरा भुंगे काढले होते, पण पाने कातरलेलीच येत होती. टाळ्या वाजवायलाही आता कोणी थांबत नव्हते.

पामच्या मागे दहा पावलांवर नथूकाकांचा उकिरडा होता. त्यांच्या रानातला उकिरडा पूर्वी जिथे होता, अगदी त्याच जागी. जमीन गेली तरी तेवढी एक गोष्ट त्यांनी राखली होती. शेणखत अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुरू द्यायचे, त्याआधी कोणी हात लावायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची रीत. खुद्द बायकोला, लीलाबाईंनाही, त्यातले घमेलेभर खत मिळत नसे.

एका रविवारी नथूकाका मला घेऊन शिडीवर होते. तेवढ्यात लीलाबाईंनी आपल्या वांग्यांसाठी गुपचूप उकिरड्यात फावडे घातले.

"अवो, खाली या! हितं बघा काय हाय!"

"हात लावू नगं म्हनलं व्हतं न्हवं? अखिती कुटं आलीया अजून?"

"अखितीचं ऱ्हाऊ द्या. तुमचा भुंगा हितं जलमतोय!"

नथूकाका खाली उतरले. फावड्यात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वेटोळे केलेल्या अळ्या होत्या आणि त्यांच्यात एक काळा भुंगा, शिंगासकट. माझ्या टोकाला तेव्हाच काढलेला बारावा भुंगा लटकत होता. दोघे जुळे भाऊ शोभले असते. नथूकाका फावड्यापाशी उकिडवे बसले.

"झाकून टाक," ते हळूच म्हणाले. "कुनाला कळनार न्हाई."

"झाकते की," लीलाबाई म्हणाल्या. "पाडव्याला झाड पडंल तवा लोकं भुंग्याला दोष देतील. तुमाला मातुर ठावं आसंल."

नथूकाकांची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की मी पुन्हा वाकते की काय असे वाटले. मग ते उठले आणि सरळ चालत गेले. अंगणात सोसायटीची बैठक भरली होती.

"सायेब, चूक माजी हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "भुंगं माज्या उकिरड्यातनं येत्यात. मीच पोसलं त्यास्नी. आज उकिरडा मोडतोय."

हैबतरावांनी चष्मा काढून पुसला. आता कामावरून काढतात, असे मला वाटले. पण त्यांनी बाह्या वर सारल्या आणि विचारले, "दुसरं फावडं आहे का?"

मित्रांनो, त्या दिवशी अख्खी सोसायटी शेणात उतरली! शैलेश नाक दाबून घमेली वाहत होता. खत उन्हात पसरले आणि कावळे, साळुंक्या, बगळे अशी काही पंगत बसली की विचारू नका. शेकडो अळ्या संध्याकाळपर्यंत फस्त झाल्या.

त्यानंतरही दोन पाने कातरलेली आली, कारण ती शेंड्यात घडीत असतानाच कुरतडली गेली होती. नथूकाकांचा जीव टांगणीला लागला. हैबतराव रोज सकाळी मान वर करून बघत आणि निघून जात. पाडव्याला दोन दिवस उरले होते, तेव्हा तिसरे पान उघडले. लांबलचक, हिरवेगार, एकही काप नसलेले.

"नथू, अरे पान धड आलं की!" हैबतराव फाटकातूनच ओरडले.

"धड न्हाई सायेब, झकास हाय झकास!" नथूकाका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. तोडायचे झाड वाचले, माळीही तोच राहिला आणि पाडव्याचे पेढे सोसायटीने नथूकाकांच्या घरी नेऊन दिले.

आता २०१० साल आहे. नवा उकिरडा नथूकाका दर महिन्याला उलथून बघतात आणि मी अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. माझे कौतुक करायला कोणी येत नाही, पण दारातून पामचा शेंडा दिसतो, मला तेवढे पुरते. मित्रांनो, झाडाचे पान वेडेवाकडे आले तर लगेच कुऱ्हाड शोधू नका. शेंड्यात बघा, आणि मग आपल्याच उकिरड्यातही एकदा फावडे घाला. तिथे काही सापडले तर झाकू नका. मी अडीच महिने राबून बारा भुंगे काढले. नथूकाकांनी चारचौघांत एक वाक्य बोलून बाकीचे सगळे काढले.