डाव्या पायाला काम नाही

लवकर ऐका, मला धीर कमी आहे. मी गिअरबॉक्स बोलतोय. कोंढा गावच्या ताराचंदच्या जुन्या पांढऱ्या गाडीतला. क्लच नसलेला, आपले गिअर आपणच बदलणारा. बॉनेट उघडलं की लोक इंजिनाचं कौतुक करतात. खाली अंधारात बसून चाकं मी फिरवतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

माझी पहिली मालकीण नागपूरची एक डॉक्टरीणबाई. दर चौकात थांबा, निघा, परत थांबा. जीव नुसता मेटाकुटीला यायचा. नवी गाडी आल्यावर तिनं आम्हाला झाडाखाली उभं करून ठेवलं. ज्याचा जन्मच फिरण्यासाठी झाला, त्यानं पानगळ अंगावर घेत बसायचं! ते दिवस आठवले की अजूनही माझे दाते शिवशिवतात.

मग आम्हाला विकत घ्यायला ताराचंद आला. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय लुळा पडलेला. केस पांढरे होईपर्यंत तो दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून हिंडला. कुठे जायचं, कशाला जायचं, परत कधी यायचं, हे सगळं सांगितल्याशिवाय त्याला कुणी मागे बसवायचं नाही. माझ्याकडे क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. पहिल्या दिवशी तो मला शेजारच्या आसगावला घेऊन गेला, तलावाच्या पाळीजवळ थोडा थांबला आणि काहीही काम न करता परत आला. इतका खूश माणूस मी नागपुरात पाहिला नव्हता.

घात केला तो दसऱ्यानं. त्याच्या मुलाचा, चंद्रकुमारचा, नेम असा की दसऱ्याला घरचं प्रत्येक यंत्र धुवायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि नवं तेल द्यायचं. ट्रॅक्टर झाला, पंप झाला. माझी तेलपट्टी काढून पाहिली, तेल कमी वाटलं, म्हणून त्यानं मोठ्या प्रेमानं ट्रॅक्टरच्या गिअरचं उरलेलं तेल माझ्या घशात ओतलं. मला लागतं पातळ, लाल तेल. हे म्हणजे घट्ट काकवी! मी ओरडणार तरी कसा?

धान कापणीला आलं तोवर माझी रया गेली. गिअरचा दांडा ओढला तरी सकाळी मी जागचा हलत नसे. इंजिन उगाच कोकलायचं, आणि मग अचानक असा हिसका बसायचा की मनकर्णाबाईचं, म्हणजे ताराचंदच्या बायकोचं, डोकं समोर आदळायचं.

शेवटी पवनीचा मिस्त्री वीरेंद्र घरी आला. त्यानं इंजिन गरम होऊ दिलं, ते चालू असतानाच पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल काळपट निघालं.

"काका, काम खल्लास. हा काढून फेकू, साधा गिअर बसवू."

"मंग क्लच कोन्या पायानं दाबू?" ताराचंदनं विचारलं.

"मी चालवीन नं, बाबा," चंद्रकुमार म्हणाला. "तुमी आरामात बाजूले बसा."

"जनमभर बाजूलेच बसलो रे."

मी भीतीनं गार झालो होतो. मला भंगारात जायचं नव्हतं, आणि त्या माणसालाही बाजूला बसवायचं नव्हतं.

मनकर्णाबाईनं ते फडकं उचललं, नाकाशी नेलं.

"काहून रे चंदू, हा तं टॅक्टरचा वास होय. तुह्या कपड्याले येते, तोच."

चंद्रकुमार पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "दसऱ्याले सगळ्याइले तेल देल्लं... यालेबी थोडंसं देल्लं."

वीरेंद्रनं कपाळावर हात मारला, मग स्वतःशीच हसला. "असं असंन तं पाहू. पन गॅरंटी नाही देत."

त्यानं गाडी पवनीला नेली. माझं पोट उघडलं, आतल्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसला, जाळी बदलली, लाल तेल भरलं, मला फिरवलं आणि ते सगळं पुन्हा सांडून दिलं. "एका खेपेत जुनं अर्धं अंदरच राहते," म्हणत त्यानं परत भरलं. लाल तेल अंगातून फिरलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

पूर्ण बरा मी झालेलो नाही. किती दिवस ओढेन, वीरेंद्रला माहीत नाही, मलाही नाही. सकाळी थोडा अडखळतो. दसऱ्याला मला फुलं वाहा, हळदकुंकू लावा. पण बाबांनो, तेल मात्र माझं मलाच द्या.

आज सकाळी ताराचंद एकटाच येऊन बसला. दांडा ओढला. मी अडखळलो. मी सगळा जीव एकवटला आणि चाकं ओढली. हिसका नाही, काही नाही.

चंद्रकुमार धावत फाटकाशी आला. "बाबा, कोठी चालले? वापस कधी येता?"

ताराचंदनं काच खाली केली.

"ठरवलं नाही," तो म्हणाला.