अंबिकाबाईंचा मेन स्विच

सकाळी साडेसहाला लक्ष्मम्मांनी शेजारच्या अंबिकाबाईंच्या घराचा मेन स्विच खाली ओढला. अंबिकाबाई बाजूलाच उभ्या होत्या. पैज दोघींच्या संमतीने लागली होती.

उदगीरच्या त्या गल्लीत स्मार्ट मीटर पहिल्यांदा अंबिकाबाईंकडे बसलं आणि बाई ते नव्या सुनेसारखं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागल्या. "आमचा मृत्युंजय पुण्यात बसून बघतोय. गीझर लागला की त्याला कळतंय, अव्वा उठली म्हणून."

"आणि न्हाई उठली तर?" लक्ष्मम्मांनी विचारलं होतं.

"तर फोन करंल की, अक्का."

"मागं कधी केलता?"

अंबिकाबाईंनी मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. त्यावरूनच पैज लागली: मेन पाडायचा आणि मृत्युंजयचा फोन येतो का बघायचं.

लक्ष्मम्मांचं मीटरशी वैर नव्हतं. त्यांचा मुलगा वीरेश हैदराबादेत. आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून त्या चहा टाकायच्या, तेवढ्यात त्याचा फोन वाजायचा. नळ आला का, गोळी घेतली का, गुडघा काय म्हणतो. बस्स. तेवढ्यावर त्यांचा दिवस उभा राहायचा. परवा तोच म्हणाला, "अव्वा, ते मीटर बसवून घे. मला हितं मोबाईलवर सगळं दिसंल. मग रोज फोनची कटकट न्हाई."

कटकट. लक्ष्मम्मांनी तो शब्द गिळला नाही, दाढेखाली धरून ठेवला. मीटर बसवणारा नरसिंग आज येणार होता. हो की नाही, ते आजच सांगायचं होतं.

स्विच पाडून दोघी ओट्यावर बसल्या. लक्ष्मम्मांचा फोन वेळेवर वाजला. वीरेशने तिन्ही प्रश्न विचारले आणि चौथा वरून घातला, "मीटर आज बसतंय ना?" अंबिकाबाईंचा मोबाईल गप्प. "कामात असंल," त्या म्हणाल्या. मग, "मीटिंग असती त्याला." मग मोबाईलचा आवाज मोठा आहे ना, ते बघून घेतलं.

उन्हं ओट्यावर आली तेव्हा नरसिंग नव्या मीटरचं खोकं घेऊन आला, पण आधी अंबिकाबाईंकडे वळला. "मावशी, तुमच्या घरात लाईट न्हाई म्हणून तक्रार हाय. पुण्याहून टाकली तुमच्या पोरानं, सकाळीच. सप्लाय तर चालू हाय. मेन कोणी पाडला?"

अंबिकाबाईंचा चेहरा उजळला. "बघितलं का अक्का? कळलं का न्हाई त्याला?"

"कळलं की. लाईट गेली ते कळलं. मीटरची विचारपूस केली पोरानं. लई गुणाचं हाय."

अंबिकाबाईंनी मोबाईल उचलला, कुणाला लावला नाही, पदराने पुसून परत ठेवला. नरसिंगने स्विच वर केला. आत पंखा फिरू लागला.

"चला, आता पुण्यात दिसंल, अव्वा उठली म्हणून," लक्ष्मम्मा म्हणाल्या. म्हणून झाल्यावर ते त्यांनाच गोड लागलं नाही.

"मावशी, तुमचं काय? बसवू का?" नरसिंगने खोकं त्यांच्या उंबऱ्यावर टेकवलं. "वीरेशभाऊ मागं लागलेत. आज मला दोनदा फोन केला त्यांनी."

"तुला?"

"हाव. बरंच बोलले."

लक्ष्मम्मा उठल्या आणि आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. तीन कपांचं ठेवलं, एवढं अंबिकाबाईंनी पाहिलं.

दुपारी बारापर्यंत जुनं मीटर भिंतीवरच होतं. खोकं उंबऱ्यावर, न फोडलेलं. लक्ष्मम्मांनी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.