नंजय्याचं पाणी

सोलापुरातल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या धनलक्ष्मीबाईंना जुनं कन्नड हस्ताक्षर वाचायचा नाद होता. म्हणूनच दुधनीजवळच्या एका लहानशा मठाचे चनबसप्पा त्यांच्याकडे पोथी घेऊन आले. वाळवी लागली होती, नक्कल करून हवी होती.

"अक्का, आमच्या घराबाहेर पहिल्यांदा आली ही. कुणाला दाखवू नका," एवढंच ते म्हणाले.

बाईंनी ती एकाच माणसाला दाखवली. शिवराज त्यांचा लाडका विद्यार्थी. आता कादंबऱ्या लिहायचा, तरी दर दिवाळीला पाया पडायला यायचा. त्याला कन्नड येत नव्हतं. बाईंनीच शेवटचं पान हौसेनं उलगडून सांगितलं: गुरू प्राण सोडत होते तेव्हा नंजय्या नावाच्या शिष्यानं त्यांना पाणी पाजलं. हाच चनबसप्पांचा मूळपुरुष. त्या ओळीत नंजय्यातली पुढची अक्षरं वाळवीनं खाल्ली होती, 'नंज' तेवढं शिल्लक होतं.

"कन्नडमध्ये नंजु म्हणजे विष बरं का," बाई हसत म्हणाल्या. "विष पचवणाऱ्या शंकराचं नाव आहे हे. पोथीत हा शिष्य आधी दहा वेळा आलाय, म्हणून कळतं. नाहीतर एखादा वाचेल, विषाचं पाणी पाजलं!"

शिवराजही हसला. त्यानं पानाचा फोटो मागितला आणि बाईंनी काढू दिला.

वर्षभरानं कादंबरी आली. मठ, गुप्त पोथी, मागावरचे मारेकरी, आणि शेवटी उलगडा: शिष्यानं गादीसाठी गुरूला विष घातलं. गावाचं नाव तेवढं बदललं होतं. मागच्या पानावर पोथीचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'या पानाचं वाचन करून देणाऱ्या धनलक्ष्मीबाईंचा ऋणी आहे.'

बाईंनी पुस्तक मिटलं आणि तडक त्याचं घर गाठलं.

"तुला खरं माहीत होतं, शिवराज."

"बाई, कादंबरी आहे ती. पहिल्याच पानावर काल्पनिक लिहिलंय."

"मग फोटो कशाला छापलास? माझं नाव कशाला घातलंस?"

"त्याशिवाय लोकांना खरं वाटलं नसतं," तो म्हणाला. ते बोलतानाही त्याच्या चेहऱ्यावर शाळेतलंच नम्र हसू होतं. बाईंना ते बघवेना. गावात येऊन खुलासा करायचं त्यानं कबूल केलं, तारीखही दिली, जत्रेच्या दिवसाची.

मठाच्या जत्रेत तीर्थाचं पाणी वाटायचा मान चनबसप्पांच्या घराचा. बाई सकाळीच पोचल्या. तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला होता. पण कादंबरीतली विषाची गोष्ट गावभर झाली होती. लोक गुरूंच्या समाधीला हात लावत आणि हंड्याला वळसा घालून निघून जात. कुणी चनबसप्पांना वाईट बोललं नाही, पण ओंजळही कुणी पुढं केली नाही. शिवराजची वाट बघता बघता ऊन डोक्यावर आलं. त्याचा फोन बंद होता.

शेवटी बाईंनीच माईक मागून घेतला. त्या कन्नडमध्ये आणि मराठीत दोनदा बोलल्या. "ते पान मी वाचलंय. तिथं नंजय्या हे नाव आहे, विष नाही. चनबसप्पांनी नको म्हटलेलं असताना ते मी परक्याला दाखवलं. त्यानं मला फसवलं, मी ह्यांना फसवलं."

खाली उतरून त्यांनी ओंजळ धरली. चनबसप्पांनी पळीनं पाणी घातलं. बाई ते सगळ्यांदेखत प्यायल्या. मागून सुंदरम्मा नावाची एक म्हातारी काठी टेकत आली, तिच्या सुना आल्या, आणखी चार-पाच जण आले. बाकीची रांग वळसा घालूनच जात राहिली.

निघताना बाई म्हणाल्या, "नक्कल अर्धी झालीय. उरलेली पुरी करून पाठवते."

"नको, अक्का," चनबसप्पा हंड्यावर फडकं बांधत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पोथी परत द्या. वाळवीनं खाल्ली तर खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी बाई पोथी देऊन आल्या. चनबसप्पांच्या सुनेनं ती दारातच घेतली, आत या म्हणाली नाही. शिवराज त्या दिवाळीला नेहमीसारखा आला. बाईंनी खिडकीतून त्याला पाहिलं, पण दार उघडलं नाही.